खेकड्यावरचा आळ

खेकड्यावर आळ आला तो सोमवारी, आणि तोही टाइप होऊन आला.

गावच्या पाझर तलावाची पाळ गळत होती. पाळ बांधून पुरते दोन पावसाळे झाले नव्हते, आणि आषाढ सरता सरताच तिच्या पायथ्याशी पाणी निघू लागलं. पाझर तलाव म्हटल्यावर पाझरणारच, अशी थट्टा पारावर झाली. पण पाझरायचं ते जमिनीत, पाळीतून नव्हे, एवढं शेंबड्या पोरालाही कळत होतं. मग नांदेडहून एक तरुण इंजिनियर येऊन गेला. त्याने पाण्याच्या बाजूला, दगडांच्या फटींत पाच-सहा भोकं पाहिली. सरपंच किशनरावांनी त्याला चहा पाजला. आणि चार दिवसांनी कागद तयार झाला: 'सदर तलावाच्या मातीच्या भरावास खेकड्यांनी बिळे पाडल्यामुळे गळती उद्भवली आहे.' उपाय काय, तर बिळांत विषारी पावडर ओतायची, वर मुरूम टाकायचा आणि विषय मिटवायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्यात संन्याशाला निदान तोंड असतं. खेकड्याला एवढे पाय असून कचेरीची पायरी चढता येत नाही.

ज्याने पाळ बांधली त्याचं नाव कागदात कुठेच नव्हतं. तसं ते तलावाशेजारच्या बोर्डावरही नव्हतं. बोर्डावर ठेकेदार म्हणून किशनरावांच्या मेहुण्याचं नाव होतं, आणि हा मेहुणा उमरीला किराणा दुकान चालवतो. त्याला पाळीवर कोणी कधी पाहिलं नाही. पाळीवर दिवसभर छत्री घेऊन उभे असायचे ते किशनरावच.

आता पंचनाम्याला एका जाणकाराची सही पाहिजे होती. हा उद्योग खेकड्यांचाच आहे, असं खेकडं ओळखणाऱ्या माणसाने म्हणावं, अशी साहेबाची अट. किशनरावांनी मांडीवर थाप मारली.

"आवो साहेब, जाणकार घरातच हाय की! आमच्या आदिनाथाची बायको, सिंधु. अख्ख्या लोहा तालुक्यात खेकड्याचं तिच्यावाणी कुणाला ठाव न्हाई."

हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं म्हणजे असं. किशनराव सिंधुचे थोरले दीर. सून घरची, कागद घरचा, मग सहीला कितीसा वेळ लागतो, असं त्यांना वाटलं. सुनेला हात असतात आणि डोकं नसतं, हा त्यांचा फार जुना समज.

सिंधु शिरूर अनंतपाळकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिने खेकडा फक्त कॅलेंडरवर, राशींच्या चित्रात पाहिला होता. सासर पवळ्यांचं, घर जमीनजुमल्याचं. तिथल्या सुनेने ओढ्यात पाय बुडवायचा म्हणजे घराची अब्रू बुडवायची. पण सासऱ्यांचे गुडघे धरले, कोणीतरी खेकड्याचा रस्सा सांगितला, आणि खेकडे आणून देणारी लुंबिनी नेमकी तेव्हाच तापाने पडली. सिंधु पदर खोचून सरळ तिच्या दाराशी गेली. "धरायचं कसं तेवढं सांग," म्हणाली. लुंबिनी तापातसुद्धा खो खो हसली होती. त्या हसण्याला आता वीस वर्षं झाली, आणि तेव्हापासून दोघी ओढ्यावर जोडीने जातात. गावाने आधी नाकं मुरडली, मग कंटाळा केला.

ओढ्याच्या काठाने काळ्या खडकाची लांबच्या लांब रांग आहे. तलाव झाल्यावर खडक अर्धा पाण्यात गेला, अर्धा वर राहिला. खेकड्यांचं खरं गाव तिथे, त्या कपारींत. लुंबिनीने सिंधुला शिकवलं ते असं. तुराटीच्या टोकाला दोऱ्याने कोंबडीचं आतडं बांधायचं आणि कपारीच्या तोंडाशी हलवायचं. खेकड्याने नांगी मारली की ओढायचं नाही. नवशिके इथेच फसतात. ओढलं की तो सोडतो आणि आत जाऊन बसतो. दम धरायचा, आपण जिंकलो असं त्याला वाटू द्यायचं, म्हणजे तो आपल्या हावेने आपणच बाहेर येतो. मग पाठीमागून, कवचावर अंगठा आणि पोटाखाली दोन बोटं. जो खोल असेल त्याच्यासाठी हात घालायचा, बोटं मिटून, कपारीच्या वरच्या अंगाने. आत डोळ्यांचं काम नाही, बोटांनी बघायचं. गार आणि खडबडीत लागला तो दगड, गुळगुळीत लागलं ते कवच, आणि बुळबुळीत लागलं तर हात हळूच मागे घ्यायचा. तो साप असू शकतो.

पुढचं सिंधु आपलं आपण शिकली. पोटाखालची झडप निमुळती असेल तर नर, चतकोर भाकरीसारखी रुंद असेल तर मादी. कात टाकलेला खेकडा लोण्यासारखा मऊ असतो, तो आठ-दहा दिवस तोंड लपवून बसतो, त्याला छेडायचं नाही. आणि आषाढ-श्रावणात मादीची झडप उचलली की खाली पिवळी-नारिंगी अंडी असतात, नाहीतर सरळ पिल्लंच. बेडकासारखं आधी शेपटीचं सोंग घेऊन पोहायचं आणि मग बेडूक व्हायचं, असली भानगड खेकड्यात नाही. अंड्यातून जो निघतो तो ज्वारीच्या दाण्याएवढा पण पुरा खेकडाच, नांग्यांसकट. अशी शे-दीडशे पिल्लं पोटाशी घेऊन आई कपारीत बसते, आणि त्यांना चालता-खाता येईपर्यंत सोडत नाही. तिला दोघी लेकुरवाळी म्हणतात. लेकुरवाळी हाताला आली की जिथून काढली तिथेच, तोंड आतल्या बाजूला करून ठेवायची. पाणी कमी असो, पाहुणा मोठा असो, हा नियम दोघींनी कधी मोडला नाही.

सासऱ्यांचे गुडघे बरे झाले की नाही ते देव जाणे, पण घराला चटक लागली. नांग्या दाताखाली फोडून चोखणाऱ्यांत किशनराव पहिले. बाहेर मात्र "आमच्यात चालत न्हाई" असं मान वर करून सांगायचे.

तर सोमवारी दिवेलागणीला किशनरावांनी तो कागद सिंधुपुढे ठेवला.

"सही कर. गुरुवारी साहेब येऊन राहिलाय."

सिंधु दहावी शिकलेली. तिने कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि पुन्हा वरपासून वाचला.

"भाऊजी, ह्यात म्हणलंय की पाळीत खेकड्यानं बिळं पाडली."

"हाव. मग?"

"मी ती बिळं बगितली न्हाईत."

"बगायचं काय त्यात? बीळ ते बीळ."

"बीळ ते बीळ नसतंय भाऊजी. उंदराचं येगळं, खेकड्याचं येगळं. साप तर सोताचं करीतच न्हाई, दुसऱ्याचं बळकावून बसतो."

किशनरावांनी तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. मग हसून म्हणाले, "बगून घे बाई. बगून सही कर. सही मातुर कर."

मंगळवारी सकाळी सिंधु आणि लुंबिनी पाळीवर गेल्या. पाण्याच्या कडेला गुडघे टेकून सिंधुने एकेक भोक तपासलं. चार तर खेकड्यांचीच होती, त्यात शंका नव्हती. तोंडाशी चिखलाच्या बारीक गोळ्या रचलेल्या, भिंत आतून थापटलेली, बीळ उतरत पाण्याकडे गेलेलं आणि हातभरावर संपलेलं. पाचवं होतं ते यांच्यासारखं नव्हतं. तोंडाशी गोळी नाही, कड फाटल्यासारखी. तिने त्याच्याशी तुराटीचं एक साल सोडलं. साल पाण्यावर क्षणभर थांबलं, गोल फिरलं आणि आत गेलं. ते पुन्हा वर आलंच नाही. तेवढ्यात पावसाची जोराची सर आली आणि लुंबिनीने तिचा हात धरून ओढला. "तू माझ्या घरी चल आधी. मला तुला काय तरी दावायचंय."

लुंबिनीचं घर पाळीच्या खालच्या वस्तीत. अकरा घरं आहेत तिथे, आणि पाळ त्यांच्या पत्र्यांपेक्षा उंच. लुंबिनीच्या मागच्या भिंतीशी झरा फुटला होता. तिने त्याचं पाणी आदल्या रात्री एका पातेल्यात भरून ठेवलं होतं. आता वरचं पाणी निवळलं होतं, आणि तळाला बोटभर तांबडा गाळ बसला होता.

"हा मुरूम हाय," लुंबिनी म्हणाली. "पाळीतला. साधं पाझरलं असतं तर नितळ आलं असतं न्हवं? हे पाणी पाळीला खाऊन राहिलंय, सिंधु."

सिंधुने गाळ बोटांत चोळला. आतल्या खोलीत लुंबिनीची सासू खाटेवर पडून होती, दोन वर्षांपासून पाय गेलेले. ती आतून विचारत होती, कोण आलंय गं. सिंधुने बोटं पदराला पुसली आणि ती आत जाऊन तिच्या उशाशी बसली.

पाळीत काय आहे ते सिंधुला ठाऊक नव्हतं. पण कोणाला ठाऊक असेल ते ती घराकडे चालताना पक्कं समजून चुकली. पाळीवर मुरूम, माती, काय काय ओतलं ते आदिनाथच्या ट्रॅक्टरने. सकाळी सातपासून दिवस मावळेपर्यंत, सगळा उन्हाळाभर. घरी येऊन तो जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. तेव्हा तिला वाटायचं, दमला असेल.

आदिनाथ गोठ्यात बैलांच्या गळ्यातले गोंडे धूत बसला होता. पोळ्याला अजून अवकाश होता, पण त्याला हाताला काहीतरी काम पाहिजे होतं. सिंधुने त्याच्यासमोर उकिडवं बसून विचारलं, "पाळीत काय भरलंय?"

"मुरूम."

"आन?"

त्याने गोंडा पिळला. पुन्हा भिजवला, पुन्हा पिळला. मग खाली बघतच म्हणाला, "काळी माती लांबून आणाया लागायची. दादा म्हणला, पल्याडच्या रानातल्या बाभळी तोडून पडल्यात, त्या ढकल, वरून मुरूम वढ. दिसतंय कुणाला? म्या म्हणलं, दादा, लाकूड सडतंय. दादा म्हणला, सडंस्तोवर बिल निघतंय."

"आन तुमी ढकललं."

"थोरला भाऊ हाय तो." आदिनाथ आता वर बघत होता, आणि त्याचे डोळे भरले होते. "सिंधु, तू सही करून टाक. आपलेच दात आन आपलेच ओठ. खेकड्याचं काय जाणार हाय? ते काय पोलिसात जातंय?"

तिला त्याचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त त्याची दया आली. त्या दयेचाच तिला मग अधिक राग आला. वीस वर्षं हा माणूस कधी खोटं बोलला नव्हता, कारण त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं.

"लुंबिनीची सासू उठून पळू शकत न्हाई," ती म्हणाली. "ती काय खेकडा हाय?"

बुधवारी सकाळी दारात जीप उभी. किशनरावांनी पाठवलेली. शुक्रवारी नागपंचमी, सुनेला माहेरी पाठवायचं म्हणून. पंचमीला माहेरी जायला मिळावं म्हणून ज्या घरात सुनांना दर वर्षी नाक घासावं लागायचं, त्या घरात यंदा न मागता जीप आली, वर नवी साडी. आदिनाथने बॅग भरून ठेवली होती. सिंधुने साडी उघडून पाहिली. चांगली होती, मोरपंखी. तिने घडी घालून ती जिपेच्या पुढच्या सीटवर ठेवली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊजीला सांग, पंचमी शुक्रवारी हाय. मी गुरुवार उरकून जाईन, आन येष्टीनं जाईन."

त्या रात्री मोठ्या जाऊबाईंनी ताट वाढलं ते आदळून वाढलं. सिंधु जेवली. पोटभर जेवली, मुद्दाम.

गुरुवारी पाळीवर माणसं जमली. तोच इंजिनियर, मिहिर, मूळचा लातूरचा, नोकरीला लागून वर्षही न झालेला, पायात कोरे बूट. वस्तीतली बायामाणसं खालून चढून आली होती. किशनराव छत्रीखाली, त्यांच्यामागे चार पावलांवर आदिनाथ. विषाच्या पावडरीच्या दोन पिशव्या दगडावर ठेवलेल्या, शेजारी मुरमाची पोती. सिंधु आली तशी किशनरावांच्या कपाळाला आठी पडली, पण माणसांसमोर ते गोडच बोलले.

"ये सिंधु. साहेब, ह्या आमच्या जाणकार. पेन द्या ह्यांना."

"पेन नंतर," सिंधु म्हणाली. "साहेब, ज्याच्यावर आळ घेतलाय त्याला बगितलं का तुमी?"

"कोणाला?"

"खेकड्याला."

वस्तीतल्या बायका हसल्या. मिहिरही कसनुसं हसला. सिंधु पाण्याच्या कडेला उतरली, पहिल्या भोकात हात घातला, आणि मनात दहा मोजावेत एवढ्यात तो बाहेर काढला. मिहिर दोन पावलं मागे सरला. तिच्या हातात काळपट, तळहाताएवढी मादी होती, नांग्या उगारलेली. सिंधुने तिला उलटं करून झडप बोटाने जराशी उचलली. खाली दाण्यादाण्याएवढी पिल्लं, एकावर एक, वळवळत होती.

"ही लेकुरवाळी हाय, साहेब. बगा तिचं बीळ. तोंडाशी चिखलाच्या गोळ्या हायत, ही उकरते तेव्हा अशा भाईर आणून टाकते. बीळ हातभर, तेबी खाली, पाण्याकडं. हिच्या कल्ल्याला ओल लागती. ओल न्हाई तर जीव न्हाई. लेकरं पोटाशी घेऊन ही कोरडा मुरूम पोखरत पल्याड कामून जाईल? पल्याड काय तिचं माहेर हाय पंचमीला जायाला?"

आता सगळेच हसले. किशनराव सोडून.

"खेकडं पाळीला भोकं पाडतच न्हाईत असं मी म्हणत न्हाई," सिंधुने मादी तिच्या बिळात तोंड आत करून ठेवली. "पाडत्यात. ही चार त्यांचीच. पर ह्या चारातून खाली टिपूस जात न्हाई. आता हे पाचवं बगा."

दोन दिवसांत पाणी वीतभर चढलं होतं, पाचवं भोक पाण्याखाली गेलं होतं. तिने पुन्हा तुराटीचं साल सोडलं. साल फिरलं आणि गडप झालं. मिहिरचं हसू मावळलं. त्याने स्वतः एक काडी टाकून पाहिली. तीही गेली.

"हात घालू नका," तो म्हणाला. "बाई, थांबा—"

ती पाण्यात आडवी झाली होती. गाल दगडाला टेकलेला, हात खांद्यापर्यंत आत. पाणी तिचा हात गिळल्यासारखं ओढत होतं. खेकड्याच्या बिळात पाणी झोपलेलं असतं, इथे ते धावत होतं. तिने बोटं मिटून वरच्या अंगाने पुढे सरकवली. थापटलेला चिखल नाही. दगड नाही. कवच नाही. साल. सडून पिठूळ झालेली साल, आणि मग बोटात कचकन काहीतरी घुसलं. तिने ओठ चावला. तेवढ्याने तिने बाभूळ ओळखलीच. उभ्या जन्मात जिने बाभळीचा काटा मोडून घेतला नाही अशी बाई मराठवाड्यात शोधून सापडायची नाही.

तिने पकडलं, पिळलं आणि ओढलं. हातभर लांबीची काळी, कुजलेली फांदी बाहेर आली. काटे अजून शाबूत होते. आत कुठेतरी गडगड झाली आणि भोकाच्या तोंडाशी पाण्याचा भोवरा दिसू लागला.

"अजून हाय आत," सिंधु धापा टाकत म्हणाली. तिच्या बोटांतून रक्त येत होतं. "पर आता वडत न्हाई. वडलं तर पाळ हितंच बसंल."

मिहिर फांदीकडे बघत राहिला. वर्षभराच्या नोकरीत त्याने बरेच कागद पाहिले होते, फांदी पहिल्यांदाच पाहिली. मग मात्र तो झटक्यात हलला. ही पोती या भोकावर टाका, सांडव्यावर पाणी अडवायला पोती कोणी रचलीत ती आधी काढा, पाणी दोन फूट तरी उतरलं पाहिजे, खालची घरं दिवस मावळायच्या आत रिकामी करा. त्याचा आवाज चिरकत होता, पण तो थांबला नाही. माणसं धावली. मग त्याने तो टाइप केलेला कागद पालथा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.

"भरावात झाडं कोणी टाकली? नाव लागेल मला."

ठाऊक सगळ्यांना होतं. सगळ्यांनी तोंडात मूग धरले होते.

"आता कुणास ठाव साहेब," किशनराव म्हणाले. "मजूर लई होते, भाईरगावचे. कोण कुठून आलं, काय टाकून गेलं..."

लुंबिनी सिंधुकडे बघत होती. ती काही मागत नव्हती. वीस वर्षांत तिने काही मागितलं नव्हतं. सिंधुने मान वळवून आदिनाथकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता, आणि त्याची सावली त्याच्याच पायांत गोळा झाली होती.

या घरात आल्यापासून तिने नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. 'आवो' म्हणायची, 'घरचे' म्हणायची. रेशनच्या दुकानात, बँकेत, दवाखान्यात नाव विचारलं की शेजारच्या बाईला पुढे करायची, ती सांगायची. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईने सांगितलं होतं, आणि विश्वास असो नसो, जीभ वळत नव्हती.

"आदिनाथ व्यंकटराव पवळे," सिंधु म्हणाली. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. "माझा नवरा. ट्रॅक्टर आमचा. टाकायला सांगणारे हे, किशनराव व्यंकटराव पवळे. लिवा साहेब. खाली माझी सही घ्या, जाणकार म्हणून."

किशनरावांच्या हातातली छत्री खाली आली. "जीभ सडंल तुझी," ते म्हणाले.

"लाकूड सडलं भाऊजी, ते पुरं झालं."

मिहिरने पेन थांबवला होता. "बाई, हे लिहिलं की पुसता येत नाही. तुमच्या घरावर—"

"तिनं खरं सांगितलंय."

आदिनाथ पुढे आला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण मान वर होती. त्याने भावाकडे पाहिलं नाही, बायकोकडेही पाहिलं नाही. "पाच खेपा होत्या बाभळीच्या," तो म्हणाला. "ही एक. बाकीच्या चार कुठं हायत ते मलाच ठाव हाय. दावतो, चला."

तो पाळीवरून चालू लागला. मिहिर मागे, त्याच्यामागे माणसं. वीस पावलांवर आदिनाथ थांबला आणि टाच आपटली. "हितं." आणखी थोडं गेल्यावर, "हितं. आन हितं." मिहिर प्रत्येक ठिकाणी दगड ठेवून खूण करत होता. मग आदिनाथ बराच वेळ चालला, एका जागी थांबला, आणि टाच आपटायला त्याचा पाय उठेना. नुसतं बोट खाली दाखवलं. त्या जागेच्या बरोबर खाली लुंबिनीच्या घराचा पत्रा होता.

लुंबिनीने तोंडावर हात धरला आणि ती पाळ उतरून धावत सुटली.

सगळे तिच्याकडे बघत असताना किशनराव सिंधुपाशी आले. त्यांच्या आवाजात राग उरला नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. "घर फोडलंस सिंधु," ते म्हणाले.

"हाव, फोडलं," सिंधु म्हणाली. तिचा आवाज कापत होता, तिने तो कापू दिला. "पाळीनं रातीचं फोडलं असतं. मी दिवसाउजेडी फोडलं, भाऊजी. सगळे जागे असताना." आणि रक्ताळलेला हात पदरात गुंडाळून ती लुंबिनीच्या सासूला खाटेसकट उचलायला पाळ उतरू लागली.